सोळा

वह्या मिटा जरा.
ती चार तत्त्वं उद्या फळ्यावर येतीलच,
परीक्षेपुरती पाठही होतील.
मी आज एकच आकडा सांगणार आहे.

हल शहर. नोव्हेंबर. रात्रीचे तीन.
हंबर नदीवरचं धुकं वॉर्डाच्या काचांना
ओल्या फडक्यासारखं चिकटलेलं.
बावीस खाटा, आणि मी, एकोणीस वर्षांची, मिरजेहून आलेली,
नव्या बुटांनी टाचेला फोड,
खिशात चार रंगांचं पेन, त्याचा केवढा तोरा.

सातव्या खाटेवर क्लिफर्ड स्टॅथर.
उभी उमर आइसलंडच्या पाण्यात कॉड धरलेला माणूस;
उजव्या हाताची दोन बोटं दोरखंडानं नेलेली.
मी रक्तदाब घेतला, ताप घेतला,
बोटाला चिमटा लावला, उरलेल्यांपैकी एकाला,
आणि श्वासाच्या चौकटीत लिहिलं : सोळा.

मोजले नव्हते.

सगळेच सोळा लिहायचे.
सोळा कुणाची झोप मोडत नाही,
सोळामुळे डॉक्टरला फोन करावा लागत नाही.
आपल्याकडे सोळा आणे म्हणजे अस्सल
(हे इथल्या वर्गात सांगता येत नाही,
आणे कुणाला ठाऊक आहेत इथे?)
आणि माझे सोळाच्या सोळा खोटे.

डॉरीन हॅगरस्टननं तक्ता पाहिला.
उभ्या रेघेत सोळा, सोळा, सोळा,
जणू बावीस माणसं एकाच भात्यानं श्वास घेत होती.
ओरडली नाही. खुर्ची ओढली.
"बस. मनगट धर, नाडी बघतेस असं भासव.
मोजतंय कुणी हे कळलं की माणूस श्वास बदलतो."
मी मनगट धरलं.
डोळे न उघडता म्हातारा म्हणाला,
"छातीकडे बघतेयस, पोरी. नाडी तिथे नसते."

एक मिनिट किती लांब असतं
हे मला तोवर माहीत नव्हतं.
सत्तावीस.

मग फोन, पळापळ, नळी, मास्क,
पहाटे फुप्फुसाचा फोटो.
मी खोडायला पेन टेकवलं, तर डॉरीननं हात धरला.
"एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी खरा आकडा, वेळ, तुझं नाव."
काळ्या शाईनं. माझे बाकीचे तीन रंग खिशातच राहिले.

चौथ्या दिवशी मास्क उतरला
तेव्हा मी त्यांना सांगितलं. कुणी सांग म्हटलं नव्हतं...
नाही, हेही खरं नाही. डॉरीन दाराशी उभी होती.
त्यांनी बराच वेळ छताकडे पाहिलं.
"जाळं न ओढताच वजन सांगणारे कप्तान पाहिलेत मी.
त्यांच्या बोटीवर पुन्हा चढलो नाही."
मग माझ्या हातातल्या तसराळ्याकडे बघून,
"आज अंग पुसायचं नाही मला.
एवढं तरी ऐकशील?"
पाणी अगदी बेताचं कोमट जमलं होतं.
मी ते तसंच नेऊन ओतलं.

घरी जाताना बसमध्ये कुमुदकाकू भेटल्या.
"तुझ्याच वॉर्डात आहेत ना गं, आपले पटवर्धन?
काय निघालं?"
मी म्हटलं, वांगी किती महागलीत बघा.
काकूंनी तोंड फिरवलं, ते संक्रांतीपर्यंत.

स्टॅथर नंतर बरे झाले का, विचाराल.
घरी गेले. पुढचं मला माहीत नाही,
माहीत असायचा मला हक्कही नाही.

आणि मी आता फार शहाणी आहे असं समजू नका.
दमलेल्या रात्री अजूनही
पेन आपोआप एक आणि सहाकडे वळतं.

चला. शेजारच्याचं मनगट धरा, त्याला विचारून.
घड्याळ समोर आहे.
पूर्ण मिनिट.
अर्धं मोजून दुप्पट करू नका.